ढीग किती, हें सांगणारा कोण?

टपालानें थुंकी पाठवावी आणि आपल्या रक्तांत कोणाचा किती टक्के अंश आहे याचा कागद मागवावा, अशी हल्लीं सोय झाली आहे. त्याचें आम्हांस वाईट वाटत नाहीं. पण तो कागद हातीं येतांच कित्येकांच्या मिशीला पीळ चढतो, म्हणून चार शब्द लिहिणें भाग आहे.

इ. स. २००० सालीं प्रिचर्ड, स्टीफन्स व डॉनेली या विद्वानांनीं 'स्ट्रक्चर' नांवाची गणिती रीत प्रसिद्ध केली. तींत जात, गांव, भाषा कांहीं न सांगतां, केवळ जनुकांचीं अनेक ठिकाणें ताडून यंत्र माणसांचे ढीग लावतें. एकाच माणसाचे कांहीं आणे या ढिगांत, कांहीं त्या ढिगांत, असेंही दाखवितें. रीत खरोखर चांगली आहे. मात्र ढीग किती लावावयाचे हा आंकडा यंत्रास माणसानेंच द्यावा लागतो! कोणता आंकडा अधिक जुळतो हें ताडण्याची युक्ति आहे. पण ती ठोकळ आहे, असा इशारा खुद्द कर्त्यांनींच दिला आहे. मुलांपुढें ज्वारी-बाजरी मिसळून ओता आणि पांच ढीग करा म्हणा. बारीक दाणे, जाड दाणे निवडून तीं बिचारीं पांच ढीग करतीलच.

२००२ सालीं रोझेनबर्ग व सोबत्यांनीं जगांतील ५२ समाजांचीं १,०५६ माणसें या रीतीनें तपासलीं. पांच ढीग मागितले तेव्हां ते बहुतेक खंडवार पडले, आणि वंशाभिमान्यांस आनंद झाला. सहा मागितले तेव्हां सहावा निघाला पाकिस्तानच्या डोंगरांतील कलाश या चिमुकल्या समाजाचा! मग काय, मनुष्याचा सहावा वंश कलाश? एकंदर भेदांपैकीं ९३ ते ९५ टक्के भेद एकेका समाजाच्या आंतच सांपडतो, हेंही त्याच निबंधांत आहे. तें मिशीवाले वाचीत नाहींत.

आमच्या देशाविषयीं २०१३ सालीं मूरजानी व सोबत्यांनीं ७३ समाजांतील ५७१ माणसांचा हिशेब निराळ्या गणितानें केला. मिसळण जितकी जुनी तितके पूर्वजांकडून आलेले जनुकांचे तुकडे बारीक होत जातात. त्यावरून काळ काढला. सुमारें ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वीं येथें सर्रास मिसळण झाली, भिल्लांसारखे एकीकडे राहणारेही तींतून सुटले नाहींत. बेटीव्यवहाराचीं दारें घट्ट लागलीं तीं मागाहून. शुद्ध रक्ताची पत्रिका मिरविणाऱ्यांनीं आपला पूर्वज या हिशेबांत कोठें बसवावयाचा, तें सांगावें.

कागद विकणाऱ्यांकडे आमचें मागणें एवढेंच कीं, टक्क्यांशेजारीं ढीग किती धरले आणि तुलनेस कोठचीं माणसें घेतलीं, हेंही ठळक अक्षरांत छापावें.