बरगे काढणारा बंधारा आणि न हलणारा भराव

पाऊस लागला की कसबा बावड्यात घरोघरी एकच प्रश्न असतो, पाणी किती फुटांवर आले? हे फूट मोजले जातात आपल्या राजाराम बंधाऱ्यावर. ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका. २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षी पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली. बावडा-शिये रस्ता पाण्याखाली गेला, पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ बंद पडला. सखल जागेत राहणारा कष्टकरी माणूस पोरेबाळे आणि गाठोडी घेऊन बाहेर पडला.

पाऊस अफाट पडला, हे खरेच. पण पडलेले पाणी लवकर का ओसरले नाही, हेही विचारले पाहिजे. शिरोलीच्या बाजूला महामार्ग मातीच्या उंच भरावावरून नेलेला होता. पाण्याला वाट तेवढी पुलाची आणि मोऱ्यांची. पुरानंतर तिथे भरावाऐवजी खांबांवर रस्ता न्यावा, अशी मागणी या भागातून झाली. आम्हाला ती रास्त वाटते.

वाचकहो, रस्ते नकोत, पूल नकोत असे आम्ही म्हणत नाही. रस्त्यावरूनच आपण कामाला जातो, आजाऱ्याला दवाखान्यात नेतो. प्रश्न आहे तो कसे बांधायचे याचा, आणि त्याचे उत्तर आपल्या दारातच आहे. कोल्हापूरने महाराष्ट्राला बंधाऱ्याची एक तऱ्हा दिली. सरकारी कागदातही तिला ‘कोल्हापूर पद्धतीचा बंधारा’ म्हणतात. ओळीने खांब, खांबांना खाचा, खाचांत बरगे. पावसाळ्याआधी बरगे काढून नदीला वाट द्यायची, पाऊस सरला की बरगे घालून पाणी अडवायचे. असे बांधकाम नदीशी भांडत नाही आणि शेतालाही पाणी देते. भरावाला मात्र बरगे नसतात. तो बारा महिने आडवा उभा!

भराव स्वस्त पडतो, असे सांगतात. कुणाला स्वस्त? बांधणाऱ्याचा खर्च वाचतो, पण बुडालेले धान्य, भिजलेली वह्यापुस्तके आणि बुडालेला रोज त्या हिशेबात कुणी धरत नाही.

मालाचेही तसेच. भरावाचा मुरूम डोंगर पोखरून येतो. विटेसाठी शेताची वरची कसदार माती जाते. वाळू उपसली की नदीचा काठ ढासळतो. सिमेंटसाठी चुनखडी प्रचंड उष्णतेत भाजावी लागते. जगातल्या कार्बन वायूच्या उत्सर्जनात सिमेंटचा वाटा सुमारे ८ टक्के आहे. याला पर्याय आहेत. वीज केंद्रातील कोळशाच्या राखेच्या विटा होतात, रस्त्याच्या भरावातही ती राख चालते. ती वापरावी म्हणून केंद्र सरकारने १९९९ मध्येच अधिसूचना काढली. दगड दळून केलेली वाळू मिळते. पाडलेल्या इमारतीचा राडारोडा ओढ्यात न टाकता पुन्हा वापरावा, यासाठी २०१६ मध्ये नियम झाले. २० हजार चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या बांधकामांना पर्यावरण मंजुरी लागते, हे २००६ पासून ठरले आहे. कायदा आहे, तो पाळला जातो का, हे पाहणारे डोळे हवेत.

नदीचा विचार तुकड्यातुकड्याने करून चालत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाईसरॉयच्या मंडळात श्रममंत्री होते. दामोदर नदीचे सारे खोरे एक धरून योजना आखण्याचा विचार त्यांनी तेव्हा पुढे नेला. रस्ता एका खात्याचा, नदी दुसऱ्याची, आणि पूर मात्र गरिबाचा, ही वाटणी आपण का मान्य करावी?

म्हणून दोन गोष्टी लक्षात ठेवा. घरासाठी गुंठा-अर्धा गुंठा घेण्याआधी महापालिकेत जाऊन पूररेषेचा नकाशा पाहा. साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती निळी रेषा, १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती लाल. स्वस्त जागा निळ्या रेषेच्या आत निघाली, तर तो सौदा करू नका. दुसरे, मोठ्या कामाची जनसुनावणी लागली की एक दिवसाचा रोज बुडाला तरी जा, बायकांनाही बरोबर न्या, आणि एकच प्रश्न विचारा: पुराच्या दिवशी पाणी कुठून जाणार? उत्तर लेखी मागा. त्या दिवशी गप्प बसलो, तर पुढचा पूर आपल्याच उंबऱ्यावर येऊन तो प्रश्न विचारील.