मोगलीच्या रानातील मुंगूस

मुलांच्या चित्रमालिकांतून त्यांच्या हाती काय लागते, हा प्रश्न वडीलधारी मंडळी नेहमी विचारतात, आणि बहुधा उत्तराची वाट न पाहताच संच बंद करतात. आमच्या घरी हे कार्य अण्णांकडे, म्हणजे आमच्या वडिलांकडे असे. ही हकीकत १९९३ सालची. मुलुंडच्या आमच्या घरात माणसे अकरा, स्नानगृह एक आणि दूरदर्शनचा संचही एकच. रविवारी सकाळी मुलांना ‘जंगल बुक’ पाहावयाचे असे, आणि नेमके त्याच वेळी पूजा आटोपून अण्णा वर्तमानपत्रासह त्याच खोलीत येऊन बसत. चाळीस वर्षे शाळेत संस्कृत शिकविलेले ते गृहस्थ. हलत्या चित्रांविषयीचे त्यांचे मत ‘माकडचेष्टा’ या एका शब्दात मावत असे. माकडे त्या मालिकेत पुष्कळ होती, हे त्यांच्या बाजूने सांगितले पाहिजे.

मालिका मूळची जपानी. निप्पॉन ॲनिमेशन या संस्थेने ती १९८९ साली सुरू केली, भाग बावन्न. हिंदी अवतारासाठी शीर्षकगीत गुलजारांनी लिहिले, त्याला चाल विशाल भारद्वाज यांनी लावली, आणि शेरखानाच्या मुखातून नाना पाटेकर गुरगुरले. आमची आत्या तो आवाज ऐकताच माजघरातून म्हणे, “वाघ आपल्याकडचा दिसतो.”

एका रविवारी अण्णा विड्याचे तबक पुढ्यात घेऊन बसले होते. पडद्यावर कोल्ह्याला कोणी ‘तबाकी’ अशी हाक मारली, आणि सुपारी कातरणारा त्यांचा हात थांबला. धाकट्या पुतण्याला त्यांनी विचारले, “काय म्हणाले रे त्याला?” त्याने नाव सांगितले. अण्णा तबकाकडे पाहून म्हणाले, “तबक चाटणारा तो तबाकी. दुसऱ्याच्या उष्ट्यावर जगणारा. हे नाव ठेवणाऱ्याला भाषा येत होती.”

भाषा खरोखरच येत होती. ग्रंथकर्ता रुडयार्ड किपलिंग ३० डिसेंबर १८६५ रोजी आपल्या मुंबईतच, जे. जे. कलाशाळेच्या आवारात जन्मला. त्याचे वडील तेथे शिल्पकला शिकवीत. घरी एक गोव्याकडची ख्रिस्ती आया आणि मीता नावाचा हिंदू गडी. दुपारच्या उकाड्यात हे दोघे पोराला गोष्टी सांगून निजवीत, आणि मग कपडे घालून आईबापांकडे पाठविताना बजावीत की, आता इंग्रजीत बोल. किपलिंगने वृद्धपणी आत्मवृत्तात हे स्वतःच लिहून ठेवले आहे. सहावे वर्ष पुरे होण्याच्या आत त्याला विलायतेस धाडण्यात आले. पुढे हिंदुस्थानात वृत्तपत्रांत नोकरी करून तो परतला, आणि ही रानातली पुस्तके त्याने लिहिली ती अमेरिकेतील व्हर्माँट प्रांतात, बर्फाने वेढलेल्या घरात. त्या घराचे नाव त्याने ठेवले होते ‘नौलखा’! पहिले पुस्तक १८९४चे, दुसरे १८९५चे. त्यांतील सिवनीचे डोंगर मध्य प्रांतातले. आणि वैनगंगा तर भंडाऱ्यावरून गडचिरोलीकडे वाहत जाणारी आपल्या विदर्भाचीच नदी. साम्राज्याचा हा कट्टर भाट आपल्या मुलांच्या खोलीत यावा काय, असा प्रश्न कोणी केला तर तो गैर नाही. परंतु त्याच्या पोतडीतला पुष्कळसा माल मूळचा आपल्याच कोठीतला आहे, आणि तो ओळखण्याचे काम परक्याने आपल्यासाठी करावे, हे मात्र मला लाजिरवाणे वाटते.

शेरखानाला त्याची आई ‘लंगडी’ म्हणे. भालू आणि हाथी यांना टीपेची गरज नाही. दुसऱ्या पुस्तकातील अंकुशाची गोष्ट अधिक खोल आहे. रत्नजडित अंकुशापायी एका रात्रीत सहा माणसे मरतात, आणि शेवटचा घाव धोतऱ्याच्या विषाचा असतो. लुटारूंपैकी उरलेल्या दोघांत एक तलवारीने आणि दुसरा विषारी भाताने मरतो, ही कथा वेदब्भ जातकात आहे. चौदाव्या शतकात तीच इंग्रज कवी चॉसरच्या हाती वेगळ्या वेषात सापडते. आमच्या गच्चीवरून दिसणाऱ्या डोंगरापलीकडे कान्हेरीची लेणी आहेत. तेथील भिक्षूंना जातककथा सांगण्यासाठी विलायतेची वाट धरावी लागली नाही.

आता मुंगसाकडे वळतो. मालिकेत रिक्की-टिक्की-टावी नावाचे मुंगूस येते. मूळ पुस्तकात मोगलीशी त्याचा संबंध नाही. सिगौलीच्या छावणीतील एका इंग्रज कुटुंबाच्या बंगल्यात ते राहते, आणि नाग व नागीण मारून त्या घरच्या मुलाला वाचविते. मुंगूस दिसताच आत्या हातातले तांदूळ निवडणे सोडून दारात आली. “अरे, हे तर आपल्या ब्राह्मणाचे मुंगूस!”

पंचतंत्राच्या पाचव्या तंत्रातील ती कथा वाचकांना ठाऊक असेलच. ब्राह्मणीने मुंगूस लेकरासारखे वाढविले, पण त्याच्यावर भरवसा ठेवला नाही. एके दिवशी ती पाण्याला गेली. नवरा भिक्षेच्या लोभाने मूल एकटे टाकून बाहेर पडला. साप आला, मुंगसाने त्याचे तुकडे केले आणि रक्ताने माखलेल्या तोंडाने ते कौतुकासाठी आईला सामोरे गेले. तिने ते रक्त पाहिले आणि डोक्यावरचा घडा त्याच्यावर घातला. ही कथा पश्चिमेकडे गेली तेव्हा तेथे मुंगूस नव्हते, म्हणून त्याचा कुत्रा झाला. वेल्स देशात गेलर्ट नावाच्या शिकारी कुत्र्याची समाधी आजही दाखवितात. किपलिंगने त्याला पुन्हा मुंगसाचे रूप दिले आणि शेवट फिरविला. त्याच्या गोष्टीतही आईला प्रथम भय वाटते की, हे जनावर मुलाला चावेल. पण बाप म्हणतो की, शिकारी कुत्रा राखणीला ठेवण्यापेक्षा हे बरे. म्हणजे घडा डोक्यावर आहे, तो पडत मात्र नाही. जुनी कथा ज्याने ऐकली आहे, त्यालाच ह्या एका वाक्याचे मोल कळते.

पुतण्याने अर्थातच विचारले, “आपल्या गोष्टीत मुंगूस मेले का?” आत्याने हो म्हटले. तो रडू लागला. मग त्याने अण्णांना विचारले, “आईने आत जाऊन आधी बाळाला का नाही पाहिले?”

अण्णांनी वर्तमानपत्र तोंडासमोर धरले. ते उलटे होते.

मला ठाऊक होते, आत्यालाही ठाऊक होते. माझ्या लहानपणी आमच्याकडे धुणेभांडी करणारी एक बाई होती. दुपारी ओसरीवर आम्हां पोरांना ती गोष्टी सांगे. मुंगसाची गोष्ट मी पहिल्यांदा ऐकली ती तिच्या तोंडून, पंचतंत्रातून नव्हे. तिच्या गोष्टीत ब्राह्मणी घडा टाकीत नसे, मुसळ टाकीत असे. एका श्रावणात आईची सोन्याची पाटली सापडेना. अण्णांनी चौकशी केली नाही. पगाराचे पैसे मोजून तिच्या हातावर ठेवले आणि उद्यापासून येऊ नकोस म्हणून सांगितले. ती काही बोलली नाही. पदराने हात पुसून गेली. दिवाळीत फराळासाठी तांदळाचा मोठा डबा उपसला तेव्हा पाटली तळाशी निघाली. अण्णांनी तिच्या बिऱ्हाडी माणूस पाठविला. ती गावी निघून गेलेली होती. त्यानंतर ती गोष्ट आमच्या घरात कोणी सांगितली नाही. अण्णांनी वर्गात ती शिकविली असेल, कारण ती पाठ्यपुस्तकात होती; घरी कधी नाही.

त्या रात्री पुतण्या हट्टाने अण्णांच्या अंथरुणात शिरला आणि मुंगसाचीच गोष्ट सांगा म्हणाला. अण्णांनी सांगितली. ब्राह्मण, ब्राह्मणी, पाळणा, सापाचे बिळातून येणे, झटापट, सर्व काही बैजवार. ब्राह्मणी घडा घेऊन उंबरठ्याशी आली आणि अण्णा थांबले. “पुढे?” मुलाने विचारले. “पुढचे उद्या,” अण्णा म्हणाले.

उद्याही ते तेथेच थांबले, परवाही. आठवडाभर ब्राह्मणी उंबरठ्यावर उभी होती. शेवटी एके रात्री स्वयंपाकघरातला दिवा मालवून आत्या आली, अंथरुणाच्या कडेला बसली, आणि तिने ती गोष्ट मुसळासकट पुरी केली.