समुपदेशक नेमला जाईल, पण तो जात ऐकून घेईल का?

सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी विद्यार्थ्यांच्या आत्महत्या रोखण्यासाठी पंधरा निर्देश दिले. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता असावा, हा त्यातला एक. अनुसूचित जाती-जमाती आणि ओबीसी विद्यार्थ्यांशी भेदभाव न करता संवेदनशीलतेने वागण्याचे प्रशिक्षण कर्मचाऱ्यांना द्यावे, असेही त्यात म्हटले आहे. रोहित वेमुला, डॉ. पायल तडवी, दर्शन सोळंकी ही नावे आपल्या घराघरांत ठाऊक आहेत. त्यामुळे या निर्देशांचे आम्ही स्वागतच करतो. प्रश्न पुढचा आहे. समुपदेशकासमोर आपली मुलगी येऊन बसली, की तो नेमके करणार काय?

नैराश्यावरील ज्या संवाद-उपचारांचा जगात सर्वाधिक अभ्यास झाला, त्यात कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी म्हणजे सीबीटी आघाडीवर आहे. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ एरन बेक यांनी १९६० च्या दशकात तिचा पाया घातला. नैराश्यातल्या माणसाच्या मनात स्वतःबद्दल, जगाबद्दल आणि भविष्याबद्दल काळे विचार आपोआप उमटतात आणि तो ते तपासून न बघता खरे मानतो, हे बेक यांनी टिपले. उपचारात तो विचार कागदावर लिहायचा, बाजूचा पुरावा मांडायचा, विरुद्ध पुरावा मांडायचा. शिवाय दिवसभरात काय केले आणि तेव्हा मन कसे होते याची नोंद ठेवायची आणि सुटलेली छोटी कामे पुन्हा सुरू करायची. अंथरुणातून उठून आंघोळ करणे हेसुद्धा त्यात काम धरले जाते.

यावर आपल्याकडे लगेच ऐकू येते की हे तर तथागतांनी अडीच हजार वर्षांपूर्वीच सांगितले. साम्य आहेच. स्वतः बेक यांनी २००५ मध्ये स्वीडनमध्ये दलाई लामांशी या विषयावर जाहीर संवाद केला होता. पण या अभिमानाने घरातल्या आजारी माणसाला उपचार मिळत नाही. गंभीर नैराश्यातल्या मुलाला 'दहा दिवसांच्या शिबिराला जाऊन ये, बरा होशील' असे सांगणे तर धोक्याचे आहे. गंभीर मानसिक आजार असलेल्यांची काळजी घेणे आपल्याला शक्य नाही, असे विपश्यना केंद्रांच्या नियमावलीतच म्हटले आहे.

आमचा खरा आक्षेप वेगळा आहे. 'मला काहीच जमत नाही' हा विचार एका पेपरात नापास झालेल्या मुलाच्या मनात येतो, तेव्हा तो तपासून बघण्यात अर्थ आहे. बारावीपर्यंतची गुणपत्रिकाच त्याविरुद्ध साक्ष देते. पण 'प्रवेशाची रँक विचारून ते माझी जात शोधतात आणि मग गटात घेत नाहीत' हा विचार? त्यालाही पुरावा मागावा, हरकत नाही. पुरावा मिळाला तर मात्र ती विचारातली विकृती उरत नाही, ती वस्तुस्थिती असते. चांगल्या सीबीटीतही विचार खरा निघाला की मन बदलण्याचा आग्रह सोडून परिस्थितीवर उपाय शोधतात. म्हणजे समुपदेशकाने तक्रार समितीचा रस्ता दाखवला पाहिजे, लेखी नोंद केली पाहिजे, सोबत उभे राहिले पाहिजे. 'तू जास्त मनावर घेतेस' हे वाक्य त्या खोलीत उच्चारले गेले, तर ती मुलगी पुन्हा तिथे पाऊल ठेवणार नाही.

बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मध्ये सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारण म्हातारा, रोगी आणि प्रेत यांच्या दर्शनात न शोधता शाक्य आणि कोलियांच्या रोहिणीच्या पाण्यावरील भांडणात दाखवले. दुःखाचे एक मूळ माणसामाणसांतल्या व्यवहारात असते, ही दृष्टी आपल्याला तिथून मिळाली. समुपदेशकांच्या अभ्यासक्रमात ती क्वचितच शिरते.

तज्ज्ञ आहेतच कुठे, असेही विचारले जाईल. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार नैराश्य असलेल्या सुमारे ८५ टक्के लोकांना उपचारच मिळत नव्हते. पण गोव्यात 'संगाथ' संस्थेने वाट दाखवली आहे. तिथे मानसशास्त्राची पदवी नसलेल्या स्थानिक माणसांना प्रशिक्षण देऊन त्यांच्याकडून प्राथमिक आरोग्य केंद्रांतल्या रुग्णांना सहा ते आठ भेटींचा उपचार दिला गेला. हा उपचार सीबीटीच्याच कुळातला, छोटी कामे पुन्हा सुरू करण्यावर भर देणारा. ४९५ जणांच्या या चाचणीचे निष्कर्ष 'लॅन्सेट'ने २०१७ मध्ये छापले. तीन महिन्यांनी या गटातले ६४ टक्के लोक नैराश्यातून बाहेर आले होते. नेहमीच्याच सेवेत थोडी सुधारणा मिळालेल्या गटात हे प्रमाण ३९ टक्के होते.

मग हेच काम महाराष्ट्रातल्या आरोग्य केंद्रांत आणि समाजकल्याणच्या वसतिगृहांत का होऊ नये? आपल्या वस्तीतली बारावी झालेली ताई, वसतिगृहात राहून शिकलेला दादा हे काम शिकू शकतात, आणि जात म्हणजे काय हे त्यांना समजावून सांगावे लागणार नाही. मात्र त्यांच्यावर तज्ज्ञांची देखरेख हवी, गंभीर रुग्णाला डॉक्टरांकडे पाठवण्याची सोय हवी आणि त्यांना मानधनही हवे. विहार समित्यांनी जागा द्यावी. खर्चाची जबाबदारी सरकारची आहे, कारण २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने हा उपचार प्रत्येकाचा हक्क ठरवला आहे.

नवे शैक्षणिक वर्ष सुरू होताना पालकांनी महाविद्यालयात जाऊन दोन गोष्टी विचाराव्यात. समुपदेशक नेमला आहे का, आणि जातीय छळाची तक्रार आली तर तो ती कुणाकडे नेतो? तोपर्यंत मन फार खचले असेल, जगणे नकोसे वाटत असेल, तर टेलि-मानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येते.