मुलाला जहाजावर धाडण्यापूर्वी

गेल्या महिन्यातल्या एका रविवारची गोष्ट. आम्ही घाटकोपरच्या आमच्या खोलीत सकाळी वर्तमानपत्र चाळीत बसलो होतो. वस्तीतल्या एक भगिनी दारात येऊन उभ्या राहिल्या. चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाई. हातात प्लॅस्टिकची पिशवी आणि पिशवीत मुलाची कागदपत्रे. मुलगा दहावी पास, जहाजावरच्या खलाशाचा सहा महिन्यांचा कोर्स केलेला आणि दीड वर्षापासून घरी बसलेला. आता एक एजंट भेटला आहे. पंधरा दिवसांत जहाजावर चढवतो, अडीच लाख द्या, असे तो म्हणतो. दीड लाख भिशीतून आणि गळ्यातले मणी मोडून उभे राहतात. उरलेल्या लाखासाठी पतपेढीचे कर्ज काढायचे आणि त्याला आम्ही जामीन राहायचे, एवढीच त्यांची विनंती होती.

"जहाज कसलं आहे, ताई?" आम्ही विचारले.

"लोखंडाच्या मातीचं आहे म्हणतात, भाऊ. मी त्या एजंटला म्हटलं, टीव्हीवर दाखवतात, जहाजावर रॉकेट मारतात. तर तो हसला. म्हणाला, बाई, मातीवर कोण रॉकेट मारतंय? ते तेलाच्या जहाजावर मारतात."

आम्ही सही केली नाही. त्या बाईंना वाईट वाटले, ते आम्हाला दिसले. पण एकदा आम्ही अशी सही केलेली आहे. काही वर्षांपूर्वी वस्तीतल्याच दुसऱ्या एका मुलासाठी आम्ही जामीन राहिलो होतो. आम्ही बी. कॉम. झालेले, दिवसभर कचेरीत दुसऱ्यांची बिले तपासणारे कारकून; पण त्या मुलाचा करारनामा आम्ही उघडूनसुद्धा पाहिला नाही. आपला पोरगा परदेशी चालला, याच आनंदात सही ठोकली. पुढे जहाजाच्या मालकाने हात वर केले. जहाज एका परक्या बंदराबाहेर नांगर टाकून सात महिने उभे राहिले. पगार नाही, डाळ-तांदूळही मोजून. पोरगा जिवंत परत आला हे नशीब. कर्जाचे हप्ते त्याच्या वडिलांनी आणि आम्ही मिळून फेडले. ते फेडता फेडता आम्ही जहाजाचे कागद वाचायला शिकलो. आज जे लिहितो आहोत ते त्या शिकण्यातून.

मातीच्या जहाजाला धोका नसतो, हे एजंटचे म्हणणे खरे आहे का, ते आधी पाहू.

लोहखनिज, बॉक्साइट, कोळसा, खतासाठी लागणारा फॉस्फेटचा खडक, हा सगळा माल मोठमोठ्या कोठारांच्या जहाजांतून सुटाच भरून जातो. अशा एका मोठ्या जहाजात पावणेदोन लाख टन माल मावतो. दहा टनी ट्रकचा हिशेब केला तर साडेसतरा हजार ट्रक. या मालाला सोन्याचा भाव नाही, हे खरे. पण तो वेळेवर पोहोचला नाही तर पोलादाच्या भट्ट्या बसतात आणि शेतीचे खत अडते. म्हणूनच दोन देशांचे बिनसले की, एकमेकांचे नाक दाबायला हा माल सोयीचा पडतो.

२०२० साली हेच घडले. कोरोनाचा रोग कोठून आला याची स्वतंत्र चौकशी करा, अशी मागणी त्या वर्षी ऑस्ट्रेलियाने केली. चीन चिडला आणि ऑस्ट्रेलियाचा कोळसा उतरवून घेणे त्याने जवळजवळ थांबवले. लोहखनिज मात्र तो घेत राहिला, कारण ते अडवले असते तर त्याच्याच भट्ट्या विझल्या असत्या. या भांडणात सापडले कोण? 'जग आनंद' हे मुंबईच्या कंपनीचे जहाज कोळसा घेऊन १३ जून २०२० पासून चीनच्या जिंगतांग बंदराबाहेर उभे होते. त्यावर २३ भारतीय खलाशी होते. 'अनास्तासिया' हे दुसरे जहाज २० सप्टेंबरपासून कावफेदियान बंदराबाहेर उभे होते. त्यावर १६ भारतीय. माल उतरवू देत नाहीत, जहाज दुसरीकडे नेता येत नाही आणि माणसांना किनाऱ्यावर उतरण्याची परवानगी नाही. कोरोनाचे नियम पुढे केले जात होते. त्यातले काही जण घर सोडून वर्षाहून अधिक काळ झाला होता. खलाशांच्या संघटनांनी आवाज उठवला, सरकारने बोलणी केली, तेव्हा कुठे जानेवारी २०२१ मध्ये 'जग आनंद' जपानच्या चिबा बंदराकडे निघाले आणि तेथे खलाशी बदलले. 'अनास्तासिया'वरच्या मुलांची सुटका फेब्रुवारीत झाली.

वाचक भगिनींनो, या ३९ जणांपैकी एकाचेही चीनशी भांडण नव्हते आणि ऑस्ट्रेलियाशी नाते नव्हते. अशा जहाजावर मालाचा मालक एक असतो, जहाजाचा मालक दुसरा आणि जहाज भाड्याने घेणारा तिसरा. निर्णय पुरता कोणाच्याच हाती नसतो. डेकवरचा मुलगा तेवढा सगळ्यांच्या निर्णयाची वाट पाहत बसतो.

आता रॉकेटचे बोलू. नोव्हेंबर २०२३ पासून येमेनच्या हुथी बंडखोरांनी तांबड्या समुद्रात आणि एडनच्या आखातात जहाजांवर हल्ले सुरू केले. १७ जानेवारी २०२४ रोजी 'जेन्को पिकार्डी' या जहाजावर ड्रोन येऊन आदळले. त्यात काय होते? फॉस्फेटचा खडक. म्हणजे एजंटच्या भाषेत मातीच. २२ खलाशांत ९ भारतीय होते. आपल्या नौदलाची 'विशाखापट्टणम' ही युद्धनौका मदतीला धावली. आग आटोक्यात आली होती, कोणाला इजा झाली नाही. पण ६ मार्च २०२४ ला 'ट्रू कॉन्फिडन्स' या सुक्या मालाच्या जहाजावर क्षेपणास्त्र पडले, तेव्हा तीन खलाशी मेले. उरलेल्यांपैकी २१ जणांना आपल्या 'कोलकाता' युद्धनौकेने समुद्रातून उचलले. त्यात एक भारतीय होता. जुलै २०२५ मध्ये 'मॅजिक सीज' आणि 'इटर्निटी सी' ही सुक्या मालाची दोन जहाजे काही दिवसांच्या अंतराने बुडवली गेली. पहिल्यावरचे सगळे वाचले. दुसऱ्यावरच्या काहींचा जीव गेला आणि काही हुथींच्या ताब्यात सापडले.

मारणारा आधी कोठारात डोकावून पाहत नाही. जहाजाचा मालक कोणत्या देशाचा, ते आधी कोणत्या बंदरात गेले होते, त्या कंपनीची दुसरी जहाजे कोठे जातात, एवढे त्याला पुरते.

चाच्यांचे तर आपल्या मुंबईनेच पाहिले. सोमाली चाच्यांनी डिसेंबर २०२३ मध्ये 'रुएन' हे सुक्या मालाचे जहाज पळवले. तीन महिन्यांनी, १६ मार्च २०२४ ला, आपल्या नौदलाने ते सोडवले. १७ खलाशी सुटले आणि पकडलेले ३५ चाचे २३ मार्चला मुंबईत आणून पोलिसांच्या हवाली केले. चाच्यांना माल नको असतो. त्यांना माणसे हवी असतात, खंडणीसाठी.

आणि धोका समुद्रावरच असतो असेही नाही. शेजारच्या गोव्यात बेकायदा खाणकामाचा अहवाल आल्यावर सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या. पुढे अटींवर चालू झाल्या, तर फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्टे रद्द केले आणि मार्चपासून काम पुन्हा थांबले. कायदा मोडणाऱ्यांना चाप बसलाच पाहिजे, याबद्दल आमचे दुमत नाही. पण मांडवी-झुआरीतून खनिज वाहणाऱ्या बार्जवरचा खलाशी आणि हप्त्यावर ट्रक घेतलेला चालक, यांचा काय गुन्हा होता?

मग काय, मुलांना जहाजावर धाडूच नये? तसे आम्ही मुळीच म्हणत नाही. या धंद्यात मेहनतीचा चांगला पैसा आहे आणि आपल्या मुलांनी तो का मिळवू नये? मात्र चार गोष्टी घरातल्या सगळ्यांनी ठाऊक करून घ्याव्यात.

पहिली गोष्ट. खलाशी भरती करणाऱ्या कंपनीला सरकारचा परवाना लागतो, त्याला आर. पी. एस. एल. म्हणतात. परवानाधारकांची यादी नौवहन महासंचालनालयाच्या, म्हणजे डी. जी. शिपिंगच्या, संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते. हे कार्यालय काही दिल्लीत नाही. आपल्या कांजूरमार्गला पूर्वेला आहे, घाटकोपरहून दुसरे स्टेशन.

दुसरी गोष्ट. नोकरी लावून देण्याबद्दल मुलाकडून पैसे घेणे नियमाविरुद्ध आहे. पासपोर्ट, सी. डी. सी. आणि डॉक्टरी तपासणीचा खर्च सोडला, तर एक रुपयाही देणे लागत नाही. जो अडीच लाख मागतो, तो तेथेच उघडा पडला.

तिसरी गोष्ट. करारनामा मुलाने जहाजावर चढण्यापूर्वी वाचावा आणि त्याची एक प्रत घरी ठेवावी. जहाजाचे नाव, मालकाचे नाव, झेंडा कोणत्या देशाचा, पगार किती, मुदत किती महिन्यांची आणि विमा कोणाचा, हे त्यात पाहावे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा २००६ चा सागरी श्रम करार भारताने २०१५ मध्ये स्वीकारला आहे. मालकाने जहाज वाऱ्यावर सोडले तर थकलेला चार महिन्यांपर्यंतचा पगार आणि घरी येण्याचा खर्च विम्यातून मिळावा, चाच्यांनी ओलीस धरले तर पगार चालू राहावा, अशी तरतूद त्यात आहे. आमच्या त्या मुलाच्या वेळी आम्हाला यातले अक्षरही ठाऊक नव्हते.

चौथी गोष्ट युद्धाच्या टापूची. आंतरराष्ट्रीय संघटना आणि जहाजमालक यांच्या वाटाघाटींतून झालेला करार ज्या जहाजाला लागू आहे, तेथे युद्धसदृश जाहीर झालेल्या टापूत जायला खलाशी नकार देऊ शकतो. त्याला कंपनीच्या खर्चाने घरी पाठवावे लागते आणि दोन महिन्यांचा मूळ पगार भरपाई म्हणून द्यावा लागतो. जो जाईल त्याला तेवढ्या दिवसांचा मूळ पगार दुप्पट आणि मृत्यू वा अपंगत्वाची भरपाईही दुप्पट. सगळ्याच जहाजांना हा करार लागू नसतो. म्हणून तो आहे की नाही, हे आधीच विचारायचे. भर समुद्रात विचारून उपयोग नाही.

त्या भगिनींचे पुढे काय झाले, असे आपण विचाराल. आम्ही अर्ध्या दिवसाची रजा टाकून मुलाला बरोबर घेतले आणि परवानाधारकांची यादी शोधून पाहिली. एजंटने सांगितलेले नाव तीत नव्हते. मणी गळ्यात राहिले. मुलगा मात्र आमच्यावर रागावला. "काका, तुमच्यामुळे माझा नंबर गेला," असे तो तोंडावर म्हणाला. त्याचेही खोटे नाही. दीड वर्ष घरी बसलेल्या पोराला सावधपणाने पोट भरत नाही. सध्या तो कुरिअरची पाकिटे वाटतो आणि यादीतल्या कंपन्यांकडे एकेक अर्ज टाकतो. अर्ज लिहून द्यायचे काम आम्ही घेतले आहे.

आपल्या वस्तीत अशी आणखी मुले असतील. त्यांच्या आयांना आमचे सांगणे आहे, पैसे देण्याआधी आणि सही करण्याआधी कागद घेऊन या. रविवारी सकाळी आम्ही घरीच असतो. जामीन राहायलाही आमची ना नाही. फक्त कागद आधी वाचू द्या.