दलदलीने राखलेले स्तोत्र



दलदल म्हटले की आपल्याला पाप आठवते. धर्मशिक्षणाच्या वर्गात आम्हीच तसे शिकवत आलो. चाळिसाव्या स्तोत्रात देव भक्ताला चिखलातून काढून खडकावर उभे करतो. यिर्मया संदेष्ट्याला शत्रू विहिरीत सोडतात आणि तो गाळात रुततो. फळ्यावर आम्ही डावीकडे चिखल काढायचो, उजवीकडे खडक, आणि मुलांना विचारायचो, तुम्ही कुठे उभे राहणार? उत्तर ठरलेले असे. गेल्या जूनमध्ये आयर्लंडला जाऊन आल्यापासून ते चित्र काढायला आमचा हात धजत नाही.

आमची भाची तिथे ऑफली परगण्यात परिचारिका आहे. तिच्या बाळाच्या बाप्तिस्म्याला आम्ही गेलो होतो. परगणा देशाच्या ऐन मध्यात; समुद्र दूर, जमीन सपाट, पर्यटकांच्या गाड्या न थांबता पुढे जाणाऱ्या. "मामा-मामी, इथे बघायचे म्हणजे बॉगच," ती म्हणाली. बॉग म्हणजे पीटची दलदल. शब्द आयरिश भाषेतून आलेला. त्या भाषेत 'बोग' म्हणजे मऊ.

क्लारा गावाजवळचा बॉग हा पश्चिम युरोपात शिल्लक राहिलेल्या अशा दलदलींपैकी मोठ्यांतला एक. त्यावर सुमारे एक किलोमीटरची लाकडी फळ्यांची वाट आहे. गोल फिरवून ती जिथून निघालो तिथेच आणून सोडते. पहिली दहा मिनिटे आम्हाला कळेना की यात बघायचे काय. तपकिरी-हिरवा पसारा, मध्ये काळ्या पाण्याची डबकी, गवताच्या काड्यांवर कापसासारखी पांढरी बोंडे. मग भाचीने वाकायला सांगितले. स्फॅग्नम नावाचे शेवाळ बोटांनी दाबले की स्पंजासारखे पाणी सोडते; ते स्वतःच्या वजनाच्या वीसपटीपर्यंत पाणी धरते म्हणे. फळीच्या कडेला नखाएवढी लाल पाने, त्यांवर चिकट थेंब. किडे खाणारे दवबिंदू! त्याचीच भावंडे आपल्याकडे पावसाळ्यात कासच्या पठारावर दिसतात. सातासमुद्रापार ओळखीचे कुणी भेटावे तसे झाले. वर कुठेतरी न दिसणारा चंडोल गात होता.

हे शेवाळ मरते, पण पाण्याखाली हवा नसल्यामुळे पुरते कुजत नाही. थरावर थर बसतो, वर्षाला जेमतेम एक मिलिमीटर. मीटरभर पीट साचायला हजार वर्षे लागतात. म्हणजे आमच्या पायांखाली दोनेक मीटरवर, प्रभू येशू गालीलात पायी हिंडत होता त्या काळातले शेवाळ होते. ते कळल्यावर आम्ही दोघे जरा हळू चालू लागलो.

हा बॉग आपोआप वाचलेला नाही. त्याच्या मधोमध जुना रस्ता गेलेला आहे, आणि त्याच्या चरांतून पाणी वाहून गेल्याने जमीन खचली आहे. १९८० च्या दशकात पूर्वेकडच्या भागात पीट काढण्यासाठी चर खणून झाले होते. आपल्या देशात अशी दलदल जवळजवळ संपवून बसलेल्या डच लोकांनीही आयर्लंडला सावध केले. १९८७ मध्ये तो राखीव झाला. पुढे चरांना जागोजाग बांध घालून पाणी अडवण्यात आले.

फळ्यांच्या वाटेवर एक वृद्ध गृहस्थ भेटले. त्यांच्या वडिलांनी जन्मभर टर्फ कापला, म्हणजे हेच पीट, चुलीसाठी. वसंतात कापायचे, विटांसारखे उभे रचून वाळवायचे, आणि हिवाळाभर घर उबदार ठेवायचे. "आम्ही यावर जगलो, आता लोक हे बघायला येतात," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, पण आम्हाला उत्तर सुचले नाही. त्या मुलखात १९४६ पासून एका सरकारी कंपनीने पीट काढले, त्यावर वीजघरे चालली, हजारो घरे त्यावर उभी राहिली. हवामानाच्या काळजीने शॅननब्रिजचे वीजघर २०२० च्या अखेरीस बंद झाले, आणि पुढच्याच महिन्यात कंपनीने पीट काढणे कायमचे थांबवल्याचे जाहीर केले. २०२२ पासून दुकानांतून टर्फ विकायलाही बंदी आली. आमच्या मते निर्णय बरोबर होता. पण त्याची किंमत फळ्यांवरून हिंडणाऱ्या आमच्यासारख्यांनी मोजली नाही, त्या गृहस्थांच्या शेजाऱ्यांनी मोजली. निसर्ग म्हणजे देवाची निर्मिती असे वेदीवरून सांगणे सोपे आहे. सांगणाऱ्याने आधी विचारावे, हिवाळ्यात कुणाची चूल विझणार आहे?

दुसऱ्या दिवशी क्लोनमॅकनॉइसच्या यात्रेच्या वाटेचा थोडा भाग चाललो. बॅलीकंबरहून निघणारी ही वाट पंचवीस किलोमीटरची आहे आणि संत किएरन यांनी सहाव्या शतकात शॅनन नदीकाठी वसवलेल्या मठापर्यंत जाते. तिथल्या अवशेषांत १९७९ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे येऊन गेले. वाटेवर लेमनाहन लागते. बॉगच्या बेटासारख्या उंचवट्यावर सातव्या शतकातले संत मॅन्कन राहत. शेजारीच त्यांच्या आईची, मेलाची, दगडी खोली आहे. आख्यायिका अशी की स्त्रीशी बोलायचे नाही असे संतांचे व्रत होते, म्हणून मायलेक एका शिळेला पाठ टेकून मुकाट बसत. ही आख्यायिका आम्हाला मुळीच रुचली नाही. मात्र तिथपर्यंत नेणारी दगडी वाट आवडली. ओल्या जमिनीत त्या लोकांनी पाऊल मावेल एवढीच जागा घेतली, बाकीची आहे तशी ठेवली.

आता मुख्य गोष्ट. बर शहराजवळ, टिपररी परगण्यातल्या फॅडन मोर बॉगमध्ये २० जुलै २००६ रोजी पीट खणणाऱ्या यंत्रचालकाला चिखलात काहीतरी वेगळे दिसले आणि त्याने यंत्र थांबवले. ते चामड्याच्या वेष्टनातले स्तोत्रांचे पुस्तक निघाले, लॅटिन भाषेतले, साधारण इ. स. ८०० च्या सुमाराचे. चर्मपत्राची साठ पाने, गोळा झालेली. वेष्टनाच्या आतल्या बाजूला पपायरस होता, म्हणजे इजिप्तकडची वस्तू. डब्लिनच्या राष्ट्रीय संग्रहालयात ती पाने वाळवून सोडवायला काही वर्षे लागली. २०११ पासून ते पुस्तक तिथे मांडलेले आहे. सापडले त्या दिवशी जे पान वाचता आले त्यावर लॅटिन क्रमांकाने ८३ वे स्तोत्र होते. आपल्या बायबलमध्ये ते ८४ वे. मंदिराकडे निघालेल्या यात्रेकरूंचे ते स्तोत्र. ते आसवांच्या खोऱ्यातून जातात आणि खोऱ्यात झरे फुटतात, पाऊस येऊन तळी भरतात.

बाराशे वर्षे ते पुस्तक कोणत्या खडकाने राखले नाही, चिखलाने राखले. ते कुणी पळता पळता लपवले, की कुणाच्या हातून पडले, ते देव जाणे.

हे सारे इथे लिहिण्याचे कारण घरचे आहे. बेळगावच्या या बाजूला पावसाळा कसा असतो ते वाचकांना सांगायला नको. आमच्या धर्मग्रामात चर्चमागे एक सखल तुकडा आहे, जुने भाताचे खाचर. जूनपासून तिथे गुडघाभर पाणी, बेडूक, बगळे. तो मुरूम टाकून भरावा, गाड्या लावायला जागा करावी, पुढेमागे सभागृह बांधावे असा अर्ज दोन वर्षांपूर्वी झाला. त्यावर पहिली सही आमची होती. आज ती आम्ही मागे घेत आहोत.

अडचणी खऱ्या आहेत. म्हाताऱ्या माणसांना मोठ्या रस्त्यावरून मिस्सेला चालत यावे लागते. लग्नाच्या दिवशी मांडव घालायला जागा नसते. ज्यांनी अर्ज केला ते आपलेच लोक आहेत, आणि त्यांना निसर्गद्रोही म्हणणाऱ्याच्या बाजूला आम्ही नाही. गाड्यांसाठी समोरचे पटांगण आणि फाटकापासून म्हाताऱ्यांना आणायला रविवारी दोन रिक्षा, एवढ्याने भागते का ते आधी पाहावे. रिक्षांचे पैसे आम्ही दोघे वर्षभर द्यायला तयार आहोत. आवारातल्या विहिरीला मे अखेरीपर्यंत पाणी असते, ते कुठून येते याचाही विचार व्हावा.

यहेज्केल संदेष्ट्याच्या ४७ व्या अध्यायात मंदिरातून नदी निघते आणि जाईल तिथे सारे जिवंत करते. मृत समुद्राचे पाणीसुद्धा गोडे होते. पण तिथल्या पाणथळ आणि दलदलीच्या जागा तशाच ठेवल्या जातात, मिठासाठी. वर्गात हे वाचताना आम्ही ते वाक्य नेहमी गाळायचो, मुले प्रश्न विचारतील म्हणून.

पॅरिश कौन्सिलची बैठक येत्या रविवारी दुसऱ्या मिस्सेनंतर आहे. त्याआधी सात वाजता आम्ही खाचराच्या बांधावरून एक फेरी मारणार आहोत. ज्यांना भरावच हवा त्यांनी तर जरूर यावे. बांध निसरडा आहे, चपला काठावर काढून ठेवाव्या लागतील.