शब्दांची जात विचारू नका

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, याचा आनंद आम्हांसही आहे. परंतु अभिजात म्हणजे सोवळी, असा अर्थ लावून फारसी-अरबी शब्द हाकलू पाहणाऱ्यांना वेळीच उत्तर दिले पाहिजे.

शब्दाचे मूळ म्हणजे नेमके काय? ‘बटाटा’ पोर्तुगीजांबरोबर आला. त्यापूर्वी स्पॅनिशांनी तो कॅरिबियन बेटांवरील टाइनो लोकांकडून उचलला होता आणि तेथे तो रताळ्याचे नाव होता! ‘पगार’ही पोर्तुगीज, त्याच्या लॅटिन मुळाचा अर्थ ‘शांत करणे’. १९८२ साली मुंबईचा गिरणी कामगार पगारवाढीसाठी संपावर गेला, तो कोणी आपणांस शांत करावे म्हणून नव्हे. शब्दाला अर्थ देते ते वापरणाऱ्यांचे जीवन. त्याची वंशावळ नव्हे. ‘कामगार’ या शब्दातील ‘काम’ संस्कृत ‘कर्म’पासून आले, ‘गार’ हा प्रत्यय फारसी. या कामगाराची फाळणी शुद्धिवादी कोठे करणार?

शिवाजी महाराजांच्या आज्ञेने झालेल्या राज्यव्यवहारकोशाचा दाखला येथे हटकून दिला जातो. त्या कोशामागे फारसीच्या दरबारी वर्चस्वातून स्वराज्याचा कारभार मोकळा करण्याची आकांक्षा होती. तिचा आम्ही आदरच करतो. परंतु ‘पेशवा’ला ‘प्रधान’ हा पर्याय त्या कोशाने दिला, तरी पुढे शतकभर लोकांच्या तोंडी पेशवेच राहिले. लोकांनी स्वीकारलेला शब्द आज्ञेने पुसला जात नाही.

आजचा प्रश्न तर उलटा आहे. रिक्षाचालकाला ‘परवाना’ कळतो. सरकारी कागद त्याला ‘अनुज्ञप्ती’ देतो. एके काळी फारसी न जाणणारा रयत कचेरीच्या दारात मुका होई. आज संस्कृतप्रचुर मराठीपुढे तोच मुका होतो. दरबार बदलला, दुभाष्याची गरज मात्र कायम राहिली. याला भाषेचे स्वातंत्र्य कसे म्हणावे?

जमीन, वारस, अर्ज, मजूर, हक्क हे शब्द फारसी-अरबीतून आले. शेतमजुराची सारी लढाई याच शब्दांत लढली गेली आहे. ते परके ठरवणे म्हणजे त्याच्या तोंडची तक्रार काढून घेणे होय. शब्द कोठून आला, हे अभ्यासकांनी अवश्य शोधावे. परंतु तो कोणाचा, याचा निवाडा तो बोलणाऱ्या जनतेनेच करावयाचा आहे. माणसाची जन्मावरून प्रतवारी करणे आपण नाकारले. मग शब्दांची तरी का करावी?