ओठांचे फिलर : नंतरचे पंधरा दिवस

तुळशीचे लग्न आटोपले की घरोघरी मुहूर्तांची बोलणी सुरू होतात. समारंभात आपण अधिक चांगले दिसावे, ही इच्छा स्वाभाविक आहे आणि त्यापायी ओठांत फिलर भरून घेणाऱ्यांत आता मध्यमवर्गीय घरांतील मुलीही असतात. हा उपचार घ्यावा की न घ्यावा, हा ज्याच्या त्याच्या निवडीचा प्रश्न आहे. तो घेतल्यावर मात्र ओठांची निगा कशी राखावी, हे तुम्हाला आणि तुमच्या घरच्यांनाही ठाऊक असले पाहिजे.

फिलर म्हणजे बहुधा हायल्युरॉनिक आम्लाचा जेल. हा पदार्थ आपल्या शरीरातही असतो आणि पाणी धरून ठेवतो. ओठांची त्वचा पातळ आणि तेथे रक्तवाहिन्या विपुल. त्यामुळे सुई टोचल्यावर सूज येणे व काळेनिळे डाग पडणे अपेक्षितच आहे. पहिले दोन-तीन दिवस सूज सर्वाधिक असते आणि एक बाजू दुसरीपेक्षा मोठीही दिसते. या दिवसांत आरशात पाहून निष्कर्ष काढू नका. ओठांचा खरा आकार साधारण दोन ते चार आठवड्यांनी दिसतो. म्हणूनच समारंभाच्या आदल्या आठवड्यात हा उपचार घेणे शहाणपणाचे नव्हे. किमान महिनाभराचे अंतर ठेवावे.

पहिला दिवस ओठांना विश्रांतीचा. बर्फ थेट न लावता स्वच्छ रुमालात गुंडाळून, अधूनमधून पाच-दहा मिनिटे हलकेच टेकवावा. लिपस्टिक किंवा अन्य प्रसाधने चोवीस तास लावू नयेत. हळद, साय, तूप हे घरगुती उपायही तूर्त दूरच ठेवा. सुईची छिद्रे उघडी असताना त्यांतून जंतू आत जाऊ शकतात. हाताला गाठ लागली तरी ती दाबून किंवा चोळून बसवण्याचा प्रयत्न करू नये. डॉक्टरांनी सांगितले तरच मालीश करावे. रात्री दोन उशा घेऊन, उताणे झोपावे. धावणे, व्यायामशाळा, वाफारा आणि मद्य एक-दोन दिवस वर्ज्य समजावे. दातांचे उपचार दोन आठवडे पुढे ढकलावेत.

भूल उतरेपर्यंत वाफाळता चहा घेऊ नका. ओठ भाजला तरी कळणार नाही. ठेचा, लोणचे यांसारखे झोंबणारे पदार्थ दोन दिवस टाळून मऊ भात, गार ताक, पेज असा आहार ठेवावा. पाणी भरपूर प्यावे.

दुखल्यास पॅरासिटामॉल सहसा पुरते. आयबुप्रोफेनसारख्या गोळ्यांनी डाग वाढू शकतात. हृदयविकारासाठी ॲस्पिरिन चालू असल्यास ती मनाने बंद करू नका. उपचारापूर्वीच डॉक्टरांना सांगा. ओठांवर ज्यांना वारंवार नागीणसदृश बारीक फोड येतात, त्यांनीही ते आधीच सांगावे. सुईच्या निमित्ताने ते पुन्हा उद्भवू शकतात आणि त्यावर प्रतिबंधक औषध देता येते.

आता सर्वांत महत्त्वाचे. क्वचित प्रसंगी फिलर रक्तवाहिनीत शिरते किंवा तिच्यावर दाब आणते आणि रक्तपुरवठा थांबतो. ओठ किंवा भोवतालची त्वचा पांढरीफटक पडणे, त्यावर जाळीसारखी जांभळट नक्षी उमटणे, वेदना कमी होण्याऐवजी वाढत जाणे, ही त्याची लक्षणे. बोटाने दाबून सोडल्यावर दोन-तीन सेकंदांत रंग परत येत नसेल, तरीही शंका घ्यावी. अशा वेळी सकाळची वाट पाहू नका. तत्काळ उपचार करणाऱ्या डॉक्टरांना गाठा. हायल्युरोनिडेज नावाचे इंजेक्शन हे फिलर विरघळवते, परंतु ते वेळेत मिळावे लागते. उशीर झाल्यास त्वचा मृत होऊन कायमचा व्रण राहतो. दृष्टी अंधुक झाली, श्वास लागला किंवा जीभ सुजली, तर थेट मोठ्या रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात जावे. काही दिवसांनी लाली, उष्णता, पू किंवा ताप आल्यास तो जंतुसंसर्ग समजून दाखवून घ्यावे.

येथेच घरच्यांचा संबंध येतो. अनेक मुली हा उपचार लपवून घेतात. रात्री दुखू लागले की आई काय म्हणेल, या धास्तीने गप्प बसतात आणि मोलाचे तास निघून जातात. म्हणून घरातील एकाला तरी आधी विश्वासात घ्या. वापरलेल्या फिलरचे नाव व बॅच क्रमांक लिहून ठेवा, रात्री-अपरात्री कोणाला फोन करायचा ते विचारून ठेवा. ज्या ठिकाणी हायल्युरोनिडेज हाताशी नसेल, तेथे सुई टोचून घेऊ नका.

आणि आई-वडिलांनो, मुलीने सांगितलेच तर बोलणी नंतर ऐकवा. आधी तिचे ओठ नीट उजेडात पाहा.